ऑफिसातला ॲप बाहेर दाखवायचा: रिव्हर्स प्रॉक्सीची पार्श्वभूमी

सावदा-रावेरकडचे केळीवाले घ्या, जळगावच्या दालमिल घ्या नाहीतर शिरपूरकडची जिनिंग, बऱ्याच ठिकाणी आता कुणीतरी बनवून दिलेला हिशोबाचा ॲप ऑफिसातल्या एका पीसीवर चालतो, काट्याची पावती, गाडी नंबर, शेतकऱ्याचं देणं सगळं त्यातच, आणि मग शेठ म्हणतात की मी बऱ्हाणपूरला असलो तरी मोबाईलवर दिसलं पाहिजे. तिथून रिव्हर्स प्रॉक्सीचा विषय निघतो, म्हणजे बाहेरून आलेली रिक्वेस्ट आधी स्वतः घेऊन मागच्या ॲपकडे देणारा मधला सर्व्हर.

जुना इतिहास थोडक्यात. नव्वदच्या दशकात प्रॉक्सी असायची ती आतल्या लोकांना बाहेरचं वेब बघता यावं म्हणून. १९९६ च्या सुमारास स्क्विड हे प्रॉक्सी सॉफ्टवेअर आणि अपाची या वेब सर्व्हरचं प्रॉक्सी मॉड्यूल आलं आणि लोक तीच गोष्ट उलटी लावू लागले, स्क्विडमध्ये तर त्याला ॲक्सिलरेटर मोड म्हणायचे, कारण काम होतं कॅशिंगचं, म्हणजे एकदा दिलेलं पान साठवून परत तेच द्यायचं, मागच्या सर्व्हरवरचा लोड कमी करायचं. २००४ ला एनजिनएक्स हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर आलं तेही एका वेळी हजारो कनेक्शन झेलायला. म्हणजे सिक्युरिटी हा मूळ हेतू नव्हताच, ती जबाबदारी नंतर त्याच्या गळ्यात पडली.

आपल्याकडे बरीच वर्षं सोपा मार्ग चालायचा, स्टॅटिक आयपी म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता घ्या, राऊटरवर पोर्ट फॉरवर्ड करा म्हणजे बाहेरून आलेलं थेट त्या पीसीकडे वळवा, आणि ॲपचा ८०८० पोर्ट थेट जगासमोर. पासवर्डसुद्धा उघड्या एचटीटीपीवरून जायचा.

प्रॉक्सी मध्ये आली तसा एक घोळ सुरू झाला जो आजही मिटलेला नाही, तो म्हणजे क्लायंटचा, म्हणजे रिक्वेस्ट पाठवणाऱ्याचा, आयपी कोणता मानायचा. अशा ॲपमध्ये एक नियम हमखास सापडतो: ऑफिसच्या नेटवर्कवरून आला तर लॉगिन विचारू नको, कारण काट्यावरचा माणूस गाडीगणिक पासवर्ड टाकत बसणार नाही. आता त्याच पीसीवर पुढे प्रॉक्सी बसवली की ॲपला प्रत्येक रिक्वेस्ट १२७.०.०.१ वरून, म्हणजे त्याच मशीनवरून, आल्यासारखी दिसते, आणि तो बाहेरच्यालाही घरचा समजून आख्खा हिशोब दाखवतो!

यावर उपाय एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर (रिक्वेस्टसोबत जाणारी ओळ, तिच्यात प्रॉक्सी क्लायंटचा आयपी लिहिते), जो स्क्विडकडूनच आला आणि सगळ्यांनी उचलला. त्याचं स्टँडर्ड रूप २०१४ ला आलं, पण तोवर जुनंच इतकं रुळलं होतं की अजूनही तेच दिसतं. अडचण अशी की हा हेडर क्लायंट स्वतःच लिहून पाठवू शकतो. एनजिनएक्सची जी ओळ सगळे कॉपी-पेस्ट करतात ती आलेल्या यादीच्या शेवटी खरा आयपी जोडते, आधीचं पुसत नाही. मग कुणी १९२.१६८.१.१० असा ऑफिसच्या नेटवर्कातला आयपी लिहून पाठवला आणि ॲपने यादीतला पहिला आयपी वाचला की परत दार उघडं.

चूक कुणाची यावर दोन गट आहेत. एक म्हणतो आख्खी साखळी ठेवा, लॉगला लागते, ॲपने उजवीकडून, म्हणजे प्रॉक्सीने जोडलेल्या शेवटच्या आयपीपासून, मोजत यावं. दुसरा म्हणतो सगळ्यात बाहेरच्या प्रॉक्सीने आलेला हेडर फेकून द्यावा आणि समोरचा खरा पत्ता नव्याने लिहावा. छोट्या ऑफिससाठी मला दुसरंच बरोबर वाटतं, कारण तो ॲप लिहिणारा पोरगा आता पुण्याला नोकरीला गेलेला असतो आणि कोड दुरुस्त करायला कुणीच नसतं, कॉन्फिग मात्र कुणीही बदलू शकतं. आयपी बघून लॉगिन सोडायचं ही सवय तर बंदच व्हायला पाहिजे.

नंतरच्या वर्षांत चित्र भराभर बदललं. २०१५ च्या शेवटी एचटीटीपीएस म्हणजे एनक्रिप्टेड कनेक्शनसाठी लागणारे सर्टिफिकेट फुकट मिळायला लागले, नव्वद दिवसांचे पण आपोआप रिन्यू होणारे, आणि २०१८ पासून ब्राउझर साध्या एचटीटीपीवर असुरक्षित लिहायला लागले, त्यामुळे एचटीटीपीएस प्रॉक्सीवर घ्यायचं हे ठरूनच गेलं. दुसरीकडे आयपीव्ही४ पत्ते संपत आले, आणि १०० पॉइंट ६४ ने सुरू होणारा पत्ता राऊटरवर दिसला तर समजायचं की पोर्ट फॉरवर्डिंग आता चालणार नाही, एकच पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला आहे. म्हणून प्रॉक्सी भाड्याच्या सर्व्हरवर गेली आणि ऑफिसातल्या पीसीने आतून वायरगार्डचा बोगदा (एनक्रिप्टेड खासगी जोडणी) तिथपर्यंत काढला, २०२० ला ते लिनक्स कर्नलमध्येच आल्यावर हे फार सोपं झालं.

यात ऑफिसचा एकही पोर्ट बाहेर उघडावा लागत नाही. पण ज्यांनी ॲपसुद्धा त्या भाड्याच्या सर्व्हरवरच डॉकरमध्ये (ॲप वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला त्यांनी एक तपासावं: डॉकरने पब्लिश केलेला पोर्ट युएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना बगल देऊन बाहेर उघडा राहतो, म्हणजे प्रॉक्सीला वळसा घालून कुणीही थेट ॲपवर येतं. पोर्ट १२७.०.०.१ ला बांधला की ते बंद होतं.