वाढलंय, मग उतरवा की!

भाचीला सातव्या महिन्यात पायांवर सूज आली आणि बीपी १४०/९० च्या आसपास घुटमळू लागलं. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून लघवीतून प्रोटीन गळण्याचा आजार, तर नाही ना, हे पाहायला डॉक्टरबाईंनी रक्ताची एक तपासणी लिहून दिली: एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ या रक्तातल्या दोन प्रथिनांचं गुणोत्तर. दाजींनी बाहेर बाकावरच मला गाठलं. "समजा ते वाढलेलं निघालं, तर उतरवायचं औषध देतील की! त्यात काय एवढं?"

मी लॅबमध्ये रक्त तपासणारा माणूस. हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं. यात बायोमार्कर आणि ड्रग टार्गेट यांची गल्लत आहे. बायोमार्कर म्हणजे आत काय चाललंय ते सांगणारी खूण. टार्गेट म्हणजे औषधाने जिथे हात घालायचा ती जागा.

दाजींची हयात सोलापुरी चादरींच्या मागावर गेली, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगितलं. दर चादरीत त्याच फुलाशी नक्षी चुकत असेल, तर ती चूक म्हणजे खूण. चादर कितीही रफू केली तरी पुढची चादर तशीच उतरणार. हात घालायचा तो जॅकार्डच्या पत्त्यात, म्हणजे मागाला नक्षी सांगणाऱ्या भोकांच्या पुठ्ठ्यात. लघवीतून जाणारं प्रोटीन असंच आहे. ते दिसलं की शंका येते, पण नुसतं तेच थांबवून आजार हटत नाही. गरोदरपणाच्या घरगुती चाचणीत एचसीजी या संप्रेरकामुळे रेघ उमटते. ती पुसायचं औषध कुणी मागतं का?

एसएफएलटी-१ चं प्रकरण मात्र वेगळं आहे. त्याचं जनुक एफएलटी१, तेराव्या गुणसूत्रावरचं. या जनुकापासून पेशीच्या आवरणात रोवलेला एक ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे बाहेरचे घटक पकडणारं प्रथिन, तयार होतो. वार (प्लॅसेंटा) त्याचीच एक तोकडी आवृत्तीही बनवते, तीच एसएफएलटी-१. तिला आवरणात रुतायला बूड नसतं, त्यामुळे ती आईच्या रक्तात मोकळी फिरते आणि रक्तवाहिन्या ठणठणीत ठेवणारे व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ हे घटक वाटेतच धरून ठेवते. मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्या उपाशी पडतात, प्रोटीन गळतं, बीपी चढतं. हाच प्रीएक्लॅम्प्सिया.

पण ही आजाराची नुसती सावली नाही, कारण आहे, हे कशावरून? २००३ साली गाभण उंदरिणींच्या शरीरात हे प्रथिन मुद्दाम वाढवलं, तर त्यांना बीपीही झालं आणि लघवीत प्रोटीनही आलं. बाळात तेरावं गुणसूत्र एक जादा असेल तर अशा गरोदरपणात हा आजार जास्त दिसतो. आणि कॅन्सरमध्ये व्हीईजीएफ अडवणारं बेव्हॅसिझुमॅब घेणाऱ्यांचंही बीपी चढतं, प्रोटीन गळतं, तेही वारेशिवाय! मला यातला हा शेवटचा पुरावा सगळ्यात बोलका वाटतो.

म्हणजे इथे खूण आणि मूळ एकाच जागी सापडले. तरी दाजींचं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही. हे प्रथिन प्रत्येक गरोदरपणात थोडंफार असतंच, दिवस भरत आले की वाढतंही. डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा रक्तवाहिन्यांपासून मोकळा राहतो तोही त्याच्यामुळे. ते पार संपवून चालत नाही, फक्त जादाचं काढायचं, आणि पोटातल्या लेकराला धक्का न लावता. काही मोजक्या बायकांचं रक्त यंत्रातून फिरवून ते गाळून पाहिलंय. २०१८ मध्ये बबून माकडांवर आरएनएचे छोटे तुकडे वापरून फक्त तोकडी आवृत्ती दाबण्याचा प्रयोग झाला, बीपी उतरलं. तिथून प्रसूतीच्या वॉर्डापर्यंतचा रस्ता मोठा आहे. आज बीपीच्या गोळ्या, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट, आणि खरा उपाय म्हणजे प्रसूती होऊन वार बाहेर पडणं.

खूण म्हणून मात्र ते आजच कामाला येतं. गुणोत्तर ३८ किंवा त्याखाली असेल, तर पुढच्या आठवड्यात हा आजार उफाळण्याची शक्यता फारच कमी. वर गेलं म्हणजे आजार झालाच असं नव्हे, पण लक्ष ठेवावं लागतं.

भाचीचा आकडा ३८ च्या खाली आला. डॉक्टरबाईंनी आठवड्याने परत बोलावलंय. दाजींनी बीपीचं मशीन आणलं आणि कारखान्यातल्या जुन्या हजेरीच्या वहीत सकाळ-संध्याकाळचे आकडे मांडायला सुरुवात केली. "आता यातलं कुठलं खूण आणि कुठलं टार्गेट?" त्यांनी वही पुढे सरकवत विचारलं. खूण, मी म्हटलं, सगळी खूणच.