काचबिंदू: कोन उघडा की बंद?

काचबिंदूचं निदान झालं की बहुतेकांच्या लक्षात राहतो तो दाबाचा आकडा. पण 28 (मिलिमीटर पारा) दाब असलेल्या दोन डोळ्यांचे उपचार अगदी वेगळे असू शकतात. फरक पडतो तो कोनामुळे.

डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं, मिनिटाला साधारण 2 ते 2.5 मायक्रोलिटर. ते बाहुलीतून पुढच्या कप्प्यात येतं आणि कॉर्निया व परितारिका, म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, जिथे भेटतात त्या कोनातल्या बारीक जाळीतून बाहेर पडतं. उघड्या कोनाच्या काचबिंदूत जाळीपर्यंतची वाट मोकळी असते, पण जाळीतूनच पाणी नीट झिरपत नाही. बंद कोनाच्या काचबिंदूत परितारिकाच पुढे सरकून जाळीवर टेकते. मोरीची जाळी आतून चोंदणं वेगळं आणि जाळीवर फडकं येऊन बसणं वेगळं, तसंच हे. दोन्हीकडे पाणी तुंबतं आणि डोळ्याची नस मरत जाते. गेलेली नजर दोन्हीत परत येत नाही.

उघड्या कोनाचा प्रकार दुखत नाही. नजर कडेकडेने जाते, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढत असल्यामुळे वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. दाब 10 ते 21 या नेहमीच्या मर्यादेत असूनही नस खराब होणारे रुग्ण याच गटात येतात. त्यामुळे ‘दाब नॉर्मल, म्हणजे काचबिंदू नाही’ हे खरं नाही.

बंद कोनाचा प्रकार पुस्तकात झटक्यासारखा रंगवलेला असतो: डोळा लालभडक, असह्य दुखणं, दिव्याभोवती रंगीत वलयं, उलट्या, दाब 50 च्या घरात. उलट्यांमुळे असा रुग्ण पोटाच्या किंवा अर्धशिशीच्या उपचारात अडकतो आणि मोलाचे तास जातात. डोळा लाल, नजर धूसर आणि बाहुली अर्धवट मोठी होऊन उजेडालाही हलत नसेल, तर डोळ्यांचा दाब त्याच दिवशी मोजायलाच हवा. पण असा झटका न येताही कोन हळूहळू चिकटत जातो आणि बंद कोनाचे बरेच रुग्ण असेच गुपचूप पुढे सरकतात. काहींना संध्याकाळी, अंधारात डोळा जड होतो, दिसणं धूसर होतं आणि झोपून उठल्यावर बरं वाटतं. झोपेत बाहुली आक्रसते आणि परितारिका कोनापासून ओढली जाते, म्हणून. हा आराम फसवा असतो. डोळा लहान, प्लस नंबरचा चष्मा, वय पन्नाशीपुढे आणि स्त्री असणं, या गोष्टींनी धोका वाढतो.

फरक ओळखायचा तो गोनिओस्कोपीने. डोळा बधिर करून आरशाची लेन्स कॉर्नियावर टेकवतात आणि कोन प्रत्यक्ष बघतात. खोलीत अंधार हवा आणि प्रकाशाची पट्टी छोटी. झगझगीत उजेडात बाहुली बारीक होते आणि बंद कोनसुद्धा उघडा दिसतो. मग लेन्सने हलकेच दाबून बघतात: कोन उघडला तर परितारिका नुसती टेकलेली आहे, नाही उघडला तर चिकटलेली. ही तपासणी गाळून ओसीटी (नसेचं स्कॅन) आणि फील्ड टेस्ट (नजरेच्या कडांची तपासणी) यांवर भागवणं म्हणजे अर्धं निदान.

उघड्या कोनात सुरुवात थेंबांनी किंवा लेझरने. लॅटानोप्रॉस्टसारखा थेंब रात्री एकदा टाकला की दाब साधारण पाव ते एकतृतीयांश उतरतो. टिमोलॉल हा दुसरा थेंब दमा किंवा हृदयाच्या मंद ठोक्यांच्या रुग्णाला देत नाहीत. एका वेळी एकच थेंब पुरतो. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा 2 मिनिटं दाबून धरायचा आणि दुसऱ्या औषधाआधी 5 मिनिटं थांबायचं, नाहीतर पहिलं वाहून जातं. एसएलटी लेझर जाळीवरच मारतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत, एसएलटीने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे 74 टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनी थेंबांशिवाय आटोक्यात होता. परिणाम काही वर्षांनी ओसरतो, तेव्हा पुन्हा करता येतं. एवढ्याने भागलं नाही तर ट्रॅबेक्युलेक्टोमी, म्हणजे पाण्याला बाहेर पडायला नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया.

बंद कोनात जाळी दिसतच नसेल, तर एसएलटी मारणार कुठे? इथलं लेझर वेगळं, इरिडोटॉमी: परितारिकेला कडेला सूक्ष्म भोक पाडून मागचं पाणी थेट पुढे आणायचं. ‘लेझर झालंय’ एवढंच सांगून दुसऱ्या डॉक्टरांना काही कळत नाही, कोणतं ते सांगावं. झटका आला असेल तर आधी ॲसिटाझोलामाइड, थेंब आणि गरज पडल्यास शिरेतून मॅनिटॉल देऊन दाब उतरवतात. बाहुली बारीक करणारं पिलोकार्पिन त्यानंतर, कारण दाब फार असताना बाहुलीचा स्नायू त्याला दादच देत नाही. भोक दोन्ही डोळ्यांना पाडतात, दुसऱ्यालाही तोच धोका असतो. कोन आधीच चिकटला असेल तर भोक पडूनही दाब चढाच राहतो, म्हणून तपासण्या थांबवू नयेत. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग जाड होऊन परितारिकेला पुढे ढकलत असेल, तर ते काढून कृत्रिम भिंग बसवणं हा चांगला उपाय ठरतो, मोतीबिंदू पिकला नसला तरी.

सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांवर ‘काचबिंदू असल्यास घेऊ नये’ असं छापलेलं असतं. बाहुली मोठी होऊन कोन बंद पडू नये म्हणून हा इशारा असतो, तो मुख्यतः उपचार न झालेल्या अरुंद कोनासाठी. उघड्या कोनाचे रुग्ण तो वाचून उगाच घाबरतात आणि स्टेरॉइडचे थेंब मात्र बिनदिक्कत महिनोन्‌महिने टाकत राहतात. खरं तर त्यांनी जपायचं ते स्टेरॉइडपासून. ते जाळीतला अडथळा वाढवतात आणि दाब चढलेला जाणवतही नाही.