सतरा नंबरचा फॉर्म: सोलापुरातून दहावी बाहेरून देताना

दहावी बाहेरून द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, एवढं आमच्या पूर्व भागात सगळ्यांनाच ठाऊक असतं. फॉर्म भरल्यानंतर काय काय करायचं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही, आणि वर्ष वाया जातं ते तिथंच. अशोक चौकाच्या आसपास संध्याकाळी विड्या वळणाऱ्या बायकांचा आणि टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत जाणाऱ्या मुलांचा मी वर्ग घेते. त्यांचे फॉर्म भरताना जे समजलं, ते इथं लिहिते आहे.

आधी हा फॉर्म कुणासाठी, ते पाहू. ज्यांनी शाळा अर्धवट सोडली आणि दहावीची परीक्षा कधीच दिली नाही, त्यांच्यासाठी. किमान पाचवी पास असायला हवं. दहावीला बसून नापास झालेल्यांनी हा फॉर्म भरायचा नाही. ते पुनर्परीक्षार्थी, त्यांचा अर्ज जुन्या शाळेतूनच जातो. हा घोळ दरवर्षी कुणी ना कुणी घालतंच, म्हणून आधी स्वतःला विचारा की मी दहावीच्या परीक्षेला पूर्वी कधी बसले होते का? पाचवीसुद्धा झाली नसेल तर राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा आहे, तिथून सुरुवात करता येते. बारावीही याच पद्धतीने बाहेरून देता येते, पण त्यासाठी दहावी पास हवी.

दहावी-बारावीची परीक्षा घेणाऱ्या राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या पुणे विभागात सोलापूर जिल्हा येतो. तरी फॉर्म भरायला पुण्याला खेटे घालायची गरज नाही. सगळं मंडळाच्या संकेतस्थळावर होतं, मोबाइलवरूनसुद्धा. नोंदणी साधारण पावसाळ्यात सुरू होते. मुदत संपली की विलंब शुल्क लागतं आणि ते वाढत जातं. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते (२०२५ साली दहावीचा पहिला पेपर २१ फेब्रुवारीला होता), पण दिवाळीनंतर बघू म्हणणाऱ्याची ती परीक्षा हुकलीच म्हणून समजा.

कागद थोडेच लागतात. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड, पासपोर्ट आकाराचा फोटो, चालू मोबाइल नंबर आणि ई-मेल. दिव्यांग असाल तर त्याचं प्रमाणपत्रही जोडा, सवलती त्यावरच मिळतात. ई-मेल दुकानदाराचा देऊ नका. स्वतःचा किंवा घरातल्या मुलाचा द्या, कारण पुढच्या सूचना त्यावरच येतात.

खरी अडचण दाखल्याची. मागच्या पावसाळ्यात एक ताई आल्या. मांडीवरचं सूप बाजूला ठेवून त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला दाखला काढला. घड्यांवर कागद विरला होता, बोटांना तंबाखूचा वास. दाखल्यावर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, आधारवर सासरचं. "मॅडम, यातली मी कुठली लिहू?" असं त्यांनी विचारलं. अशा वेळी अर्जात दाखल्यावरचंच नाव लिहायचं, त्याच स्पेलिंगने आणि त्याच जन्मतारखेने. गुणपत्रिकेवर तेच नाव येतं. लग्नानंतरच्या नावाचा पुरावा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला जवळ असू द्या, नोकरीच्या वेळी दोन्ही नावांची सांगड त्यानेच घालता येते. तेलुगू नावांचं स्पेलिंग शाळेत एक आणि आधारवर दुसरं, हे आमच्याकडे घरोघरी आहे. शक्य असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या.

दाखला हरवला असेल तर जुन्या शाळेत अर्ज करून द्वितीय प्रत मागायची. ती जोडताना मूळ दाखला हरवल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. शाळाच बंद पडली असेल तर तिची दप्तरं कुठं गेली ते शोधावं लागतं. शहरातली प्राथमिक शाळा असेल तर महापालिकेच्या शिक्षण विभागात चौकशी करा, गावाकडची असेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात. याला वेळ जातो, म्हणून हे काम उन्हाळ्यातच उरकून घ्या. आणि मूळ दाखला हातातून जाण्याआधी त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा, कारण तो पुढे शाळेत जमा होतो.

अर्ज भरताना माध्यम निवडलं की तुमच्या भागातल्या शाळांची यादी दिसते. त्यातली एक शाळा तुमचं संपर्क केंद्र. निवड एकदा केली की बदलता येत नाही. नावाजलेली शाळा शोधू नका, पायी जाता येईल अशी शोधा. कुंभारीच्या विडी घरकुलात राहणाऱ्या बाईने शहराच्या दुसऱ्या टोकाची शाळा घेतली, तर प्रत्येक खेपेला अर्ध्या दिवसाच्या विड्या बुडतात.

शुल्क ऑनलाइन भरलं की मोबाइलवर मेसेज येतो आणि बरेच जण तिथंच थांबतात. आमच्या गल्लीतल्या एका मुलाचं अख्खं वर्ष असंच गेलं. मेसेज त्याने जपून ठेवला होता, पण कागद शाळेत दिलेच नव्हते. अर्जाची प्रिंट, शुल्काची पावती, दोन्हींच्या दोन-दोन प्रती आणि मूळ कागदपत्रं मुदतीत संपर्क केंद्रावर जमा करायचीच. मग नावनोंदणी प्रमाणपत्र मिळतं. परीक्षेचा अर्ज त्यानंतर वेगळा भरावा लागतो, संपर्क केंद्रामार्फत, आणि त्याचं शुल्कही वेगळं असतं.

आता अभ्यासाचं. इथं मला जरा जास्तच बोलायचं आहे. परीक्षा एकूण ६०० गुणांची: तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे, प्रत्येकी १००. प्रत्येक विषयात लेखी ८० आणि उरलेले २० शाळेकडे. हे २० म्हणजे भाषांची तोंडी परीक्षा, गणिताचा गृहपाठ आणि बहुपर्यायी चाचणी, विज्ञानाचं प्रात्यक्षिक, इतिहास आणि भूगोलाचं प्रत्येकी १० गुणांचं काम. शिवाय जलसुरक्षा, आरोग्य व शारीरिक शिक्षण, स्व-विकास व कलारसास्वाद यांच्या श्रेणी असतात. जलसुरक्षेची वही लिहून द्यावी लागते.

बाहेरून बसणाऱ्याला या २० गुणांसाठी घरी निरोप येईलच असं नाही. प्रमाणपत्र मिळालं त्याच आठवड्यात संपर्क केंद्रावर जाऊन तोंडी आणि प्रात्यक्षिक कधी, वह्या कधी द्यायच्या, हे वहीच्या मागच्या पानावर लिहून आणा. दर महिन्याला एक फेरी मारा. पास व्हायला १०० पैकी ३५ लागतात. २० पैकी १५ पदरात पडले तर लेखीचं ओझं किती हलकं होतं बघा. गणिताच्या पेपरला घाबरणाऱ्या बायकांना मी हेच आधी फळ्यावर मांडून दाखवते. चाळिशीतल्या बाईला शाळेच्या प्रयोगशाळेत पोरांमध्ये उभं राहायला संकोच वाटतो, मला तो कळतो. सोबत कुणीतरी जा. मीही जाते.

माध्यम निवडताना लोक काय म्हणतील ते बघू नका. सोलापुरात मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा सगळ्या भाषांत शिकलेले लोक आहेत. ज्या भाषेत पाचवी-सातवीपर्यंत वाचलंत, त्याच भाषेत उत्तरं सुचतात. पाठ्यपुस्तकं बालभारतीचीच, शाळेतल्या मुलांची असतात तीच. ई-बालभारतीवर ती फुकट उतरवून घेता येतात. गुणपत्रिकेची किंमतही नियमित विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेएवढीच असते.

परीक्षेआधी प्रवेशपत्र संपर्क केंद्रातूनच घ्यायचं. मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का आहे ना, नाव आणि विषय बरोबर आहेत ना, हे तिथंच उभं राहून वाचा. चूक दिसली तर त्याच दिवशी सांगा.