मॅनिफोल्ड फुटला की होज फाटला?

घाटात गाडी ओढत नाही, मागून काळा धूर सुटतो आणि बॉनेटखाली हवा गळल्याचा आवाज येतो. जुन्या टर्बो डिझेल पिकअपची ही लक्षणं ऐकली की समोरचा ‘टर्बो गेला’ म्हणून मोकळा होतो. वाशीला द्राक्षं उतरवून येताना माझी गाडी नुसत्या रिकाम्या क्रेटवर कसारा घाटात दुसऱ्या गिअरला आली. नाशिकच्या एका गॅरेजात मला टर्बो बदलण्याचाच हिशोब मिळाला. टर्बो ठणठणीत होता. गळत होतं मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनाचा धूर टर्बोकडे नेणाऱ्या लोखंडी नळीचं, पॅकिंग.

गळती टर्बोच्या अलीकडे असते किंवा पलीकडे. इंजिनातून निघालेला तापलेला धूर टर्बो फिरवतो; तो मॅनिफोल्डपाशीच निसटला तर टर्बोचा जोर कमी पडतो. दुसरीकडे, टर्बोनं दाबलेली हवा इंटरकुलरच्या (ती हवा गार करणाऱ्या जाळीच्या) होजमधून, म्हणजे रबरी नळीतून, इंजिनात जाते. होज फाटला की ती वाटेतच संपते. दोन्हीकडे इंजिनला हवा कमी पडते, डिझेल पुरतं जळत नाही. म्हणून धूर सारखाच दिसतो.

आवाज मात्र वेगळा. मॅनिफोल्डची गळती गार इंजिनवर बोलते. निफाडच्या थंडीत पहाटे पहिला स्टार्ट मारा आणि लगेच कान द्या: टक-टक-टक, टॅपेट वाजल्यासारखं. ८०० आरपीएमला एक सिलिंडर सेकंदाला सहा-सात वेळा पेटतो, त्याच तालात. इंजिन तापलं, लोखंड फुगलं की फट मिटते आणि आवाज बसतो. गाडी दुपारी गॅरेजला नेली तर मिस्त्रीला काही ऐकू येत नाही, त्यात त्याचा दोष नाही. टॉर्च मारून इंजिनाच्या हेडच्या कडेला, मॅनिफोल्ड बसतो तिथे बघा. माझ्या गाडीत तिसऱ्या पोर्टपाशी काजळीचा बोटभर पंखा उमटला होता.

होज आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवल्यावर, गप्प असतो, कारण तेव्हा टर्बो दाबच बनवत नाही. लोड आला की फुस्स किंवा शिट्टी. तिथे काजळी नसते, तेलकट ओल आणि तिला चिकटलेली धूळ असते. होज काढून वाकवा, घडीतली चीर उघडते. नवा होज, नवी क्लिप, अर्ध्या तासाचं काम.

मॅनिफोल्डला घाई चालत नाही. स्टडवर (मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या दांड्यांवर) आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा; जोर लावला की स्टड हेडमध्येच तुटतो आणि ड्रिल मारून काढावा लागतो. मॅनिफोल्ड उतरल्यावर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पत्ती, घाला. तो वाकला असेल तर फेस मारून, म्हणजे त्याची बसायची बाजू घासून सपाट करून घ्या, नाहीतर नवं पॅकिंगही महिन्याभरात जाईल. सिलिकॉन लावू नका, त्या उष्णतेत ते जळून जातं. आणि ‘चालतंय तोवर चालवू’ म्हणू नका, तो धूर केबिनमध्ये येतो. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्येच जाहीर केलंय.

नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानंच (ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) आवळा. आठवडाभर गाडी चालवून, इंजिन पूर्ण गार असताना मी पुन्हा पाना लावला. कडेच्या दोन नटांनी पाव-पाव फेरा घेतला.