व्हिडिओ पळतो, मग वेबसाइट का रखडते?

परवा एका मित्रानं त्याच्या व्यवसायाची नवीकोरी वेबसाइट दाखवली. त्याच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या वायफायवर ती अशी फाडकन उघडली की मीपण वा वा केलं. नंतर घरी जाताना फोनवर तीच लिंक उघडली तर आधी नुसता पांढरा स्क्रीन, मग वरची मेनूची पट्टी, मग परत शांतता, मग मजकूर आला आणि मी वाचायला घेतला तोच वरून एक भलामोठा फोटो येऊन पडला आणि माझी ओळ कुठल्या कुठे खाली गेली. मित्राला सांगितलं तर म्हणाला, "तुझं नेट स्लो असेल रे, माझ्याकडे तर मस्त चालते." पण नेट स्लो नव्हतं, पाच मिनिटं आधी मी त्याच फोनवर एचडी व्हिडिओ बघत होतो आणि तो एकदाही अडकला नव्हता.

त्याच्याकडे मस्त चालायचं पहिलं कारण साधं आहे. त्याच्या ब्राउझरनं सगळे फोटो, फॉन्ट, फाइली कधीच साठवून ठेवलेल्या, महिनाभर तो रोज तेच पान बघतोय. नवीन गिऱ्हाईक मात्र रिकाम्या हातानं येतं. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे आणि खरं सांगायचं तर हा लेख मी त्याच्यासाठीच लिहितोय.

आपण इंटरनेटचा स्पीड म्हणतो तेव्हा एमबीपीएस म्हणतो. पण एमबीपीएस म्हणजे रस्ता किती रुंद आहे ते, समोरचं गाव किती लांब आहे हे त्यात कुठेच येत नाही. काचेच्या फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटर लांब असेल तर जायला ५० मिलीसेकंद आणि उत्तर यायला ५०, म्हणजे एका हेलपाट्याला १०० मिलीसेकंद, आणि हे केबल सरळ रेषेत टाकलीय असं धरून. प्रत्यक्षात केबल वळणं घेत जाते, मधे राउटर असतात, मोबाइलचा टॉवर असतो, त्यामुळे १५० धरा. तुम्ही कितीही भारी प्लॅन घ्या, प्रकाशाचा वेग काही वाढवून मिळत नाही.

आता हेलपाटे मोजू. वेबसाइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधायचा, हे काम बहुतेक जवळपासच होतं म्हणून सोडून देऊ. मग टीसीपी नावाच्या डेटा पोचवायच्या पद्धतीनं सर्व्हरशी ओळख करून घ्यायची, एक हेलपाटा. मग कुलूपकिल्ली ठरवायची, म्हणजे ते पत्त्याच्या आधी दिसणारं एचटीटीपीएस, त्या कुलपाच्या, म्हणजे टीएलएसच्या, आजकालच्या १.३ आवृत्तीत अजून एक हेलपाटा, जुन्या १.२ मध्ये दोन. आणि एवढं झाल्यावर कुठे ब्राउझर म्हणतो, बाबा आता पान दे. तिसरा हेलपाटा संपला की पानाचे पहिले तुकडे हातात पडतात. म्हणजे जवळपास अर्धा सेकंद गेला आणि स्क्रीनवर अजून काहीच नाही, आणि यात सर्व्हरला पान तयार करायला लागणारा वेळ मी धरलेलाच नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. सर्व्हर अख्खं पान एकदम पाठवत नाही! अनोळखी पाण्यात माणूस जसा काठीनं अंदाज घेत घेत उतरतो तसा तो पाठवतो. पहिल्यांदा फक्त १० पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे), एकेका पाकिटात साधारण १,४६० बाइट, म्हणजे सगळे मिळून १४ केबीच्या आसपास. त्यांची पोच आली की पुढच्या खेपेला २०, मग ४०, मग ८०, असं दुप्पट दुप्पट करत जातो. याला नाव आहे स्लो स्टार्ट, म्हणजे दबकत सुरुवात.

एवढी भीती कशाची, तर त्याला इतिहास आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधलं नेट अचानक बसलं. अंतर किती, तर जेमतेम ४०० यार्ड. वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आला. हजार विसरलो नाहीये, चाळीसच. चालत जाऊन चिठ्ठी देणं परवडलं असतं. झालं असं होतं की प्रत्येक कॉम्प्युटर सुरुवातीलाच भसाभस पाकिटं ओतायचा, मधलं यंत्र तुंबायचं, पोच वेळेत यायची नाही, मग पाकीट हरवलं असं समजून कॉम्प्युटर तेच परत पाठवायचा, म्हणजे तुंबलेल्या मोरीत अजून बादलीभर पाणी. व्हॅन जेकबसन नावाच्या संशोधकानं माइकल कॅरल्सबरोबर यावर उपाय काढला आणि १९८८ मध्ये तो पेपर छापून आला, त्यातलाच हा स्लो स्टार्ट. तेव्हा सुरुवात एकाच पाकिटानं व्हायची, २०१० साली हा आकडा १० वर नेण्याचा प्रस्ताव आला आणि आज बहुतेक सर्व्हर तोच वापरतात. पान मागवायच्या पद्धतीची नवीन आवृत्ती एचटीटीपी ३, तिच्यात ओळख आणि कुलूप हे दोन हेलपाटे एकात होतात, पण दबकत सुरुवात तिथेही आहेच.

आता मित्राच्या साइटवरचा तो वरचा फोटो घ्या, ३०० केबीचा. ३०० केबी म्हणजे साधारण २०५ पाकिटं. १० अधिक २० अधिक ४० अधिक ८० झाले १५०, अजून पुरलं नाही, म्हणजे पाचवी खेप लागणार. दर खेपेला १५० मिलीसेकंद म्हणजे पाऊण सेकंद, वर ओळखीपाळखीचे दोन हेलपाटे धरले की एक सेकंद पार. आणि लक्षात घ्या, यात लाइन २० एमबीपीएसची की २०० ची याला जवळपास काहीच महत्त्व नाही, कारण रुंद रस्ता भरेपर्यंत आपला फोटो संपलेलासुद्धा असतो. व्हिडिओचं उलटं असतं, तो मिनिटंच्या मिनिटं चालतो त्यामुळे सुरुवातीचं दबकणं त्याला पचून जातं आणि मग रुंदी कामी येते. म्हणून व्हिडिओ पळतो आणि वेबसाइट रखडते. (काटेकोर माणसं म्हणतील की कुलूपकिल्लीच्या वेळी सर्टिफिकेट पाठवताना खेप आधीच थोडी वाढलेली असते, आणि फोटो त्याच जोडणीवरून आला तर तो पहिल्या खेपेपासून सुरू होत नाही. बरोबर आहे, पण हिशोबाचा मुद्दा त्यानं बदलत नाही.)

यावरून डिझाइनचं काय ठरतं ते बघा. मुख्य पान आणि वरचा भाग रंगवायला लागणारी सीएसएस (रंग, आकार, मांडणीच्या सूचना), हे दोन्ही दाबून लहान करून त्या पहिल्या १४ केबीत बसवलं तर गिऱ्हाइकाला पहिल्याच खेपेत काहीतरी वाचायला मिळतं. सीएसएस वेगळ्या फाइलमध्ये असेल तर ती येईपर्यंत ब्राउझर बहुधा एक अक्षरही रंगवत नाही, तो पांढरा स्क्रीन यातूनच येतो. आणि दुसरी साइट, तिसरी साइट यांच्याकडून आणलेल्या गोष्टी, म्हणजे कोपऱ्यातला चॅटचा डबा, कुणाचा तरी फॉन्ट, कुणाचा तरी भेटी मोजणारा काउंटर, यातल्या प्रत्येकाला पत्ता, ओळख, कुलूप, १० पाकिटं हे सगळं पहिल्यापासून करावं लागतं. पानाची नक्कल गिऱ्हाइकाच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवणारं सीडीएन म्हणूनच उपयोगी पडतं, ते रस्ता रुंद करत नाही, गाव जवळ आणतं. हेलपाटा १५० चा २० झाला की वरचं सगळं गणित साडेसात पटीनं आकसतं.

स्लायडरबद्दल, म्हणजे पानाच्या वर आपोआप सरकत राहणाऱ्या फोटोंबद्दल, तर मला वेगळाच राग आहे. ब्राउझरमध्ये एक हुशार भाग असतो, तो पान पूर्ण समजून घ्यायच्या आधीच पुढे डोकावून कुठकुठले फोटो लागणार ते हेरतो आणि मागवून ठेवतो. पण फोटो जावास्क्रिप्टनं (पानात चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनं) नंतर चिकटवलेला असेल किंवा सीएसएसमध्ये पार्श्वभूमी म्हणून दडवलेला असेल तर त्या हुशार भागाला तो दिसतच नाही. मग आधी स्क्रिप्ट येणार, ती चालणार, तिला कळणार की फोटो हवाय, मग फोटो मागवणार. बहुतेक स्लायडर नेमके असेच बनलेले असतात. वर कुणीतरी सगळ्या फोटोंना सरसकट लेझी लोडिंग (फोटो स्क्रीनजवळ आल्यावरच मागवायचा) लावतो, म्हणजे सगळ्यात आधी हवा असलेला फोटोच आळशी होऊन बसतो.

कॅनडात गिटे लिंडगार्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की पान सुंदर आहे की नाही हे मत माणूस ५० मिलीसेकंदात बनवतो. डिझाइनर लोक हे फार आवडीनं सांगतात. पण ते ५० मिलीसेकंद पान दिसल्यावर मोजायचे, दिसायलाच तीन सेकंद लागले तर मत आधीच बनलेलं असतं.

आता गूगलचं. शोधात कुणाचं पान वर दाखवायचं, म्हणजे रँकिंग, ते ठरवताना गूगल हे सगळं मोजतं, आणि मोजायचे तीन आकडे जाहीर आहेत. वरच्या भागातली सगळ्यात मोठी गोष्ट २.५ सेकंदांच्या आत दिसली पाहिजे, बटण दाबल्यावर २०० मिलीसेकंदांत काहीतरी हललं पाहिजे, आणि पान उड्या मारता कामा नये, त्याचा आकडा ०.१ च्या आत. माझी ओळ खाली ढकलणारा फोटो हा तिसरा गुन्हा, आणि तो टाळायला फोटोची रुंदी-उंची आधी लिहून ठेवली की झालं, ब्राउझर जागा राखून ठेवतो. हे आकडे क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांच्या फोन-कॉम्प्युटरवरून २८ दिवसांचे गोळा होतात आणि १०० भेटींतल्या ७५ भेटी तरी मर्यादेत बसल्या तर पास. त्यामुळे डेव्हलपरच्या लॅपटॉपवर वेगाच्या चाचणीत आलेला १०० पैकी १०० चा हिरवा गोल फ्रेम करून लावण्यात अर्थ नाही, रँकिंगसाठी तो गोल वापरलाच जात नाही. आणि दुसऱ्या टोकालाही जाऊ नका, पान पळतं म्हणून वर येत नाही, शोधणाऱ्याला हवं ते त्यात असेल तरच येतं. धंदा काय, कुणासाठी, संपर्क कसा करायचा हे फोटोवर छापलेलं नसून अक्षरात लिहिलेलं हवं, शीर्षकात तेच हवं जे लोक शोधताना टाइप करतील. वेग हा बरोबरीतल्या दोघांमधला फरक.

बाकी या क्षेत्रात बुवाबाजी भरपूर. सात दिवसांत पहिला नंबर, गॅरंटी! गूगल स्वतः सांगतं की पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. कीवर्ड्स मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये दडवलेली शोधशब्दांची यादी, तर निव्वळ ताईत आहे, रँकिंगसाठी आम्ही तो बघतच नाही हे गूगलनं सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं, तरी आजही पॅकेजमध्ये त्याचे वेगळे पैसे लावणारे आहेत आणि देणारेही आहेत.

मित्राबरोबर मग एक रविवार बसलो. स्लायडर काढला, पाचातला एकच फोटो ठेवला, तो साध्या इमेज टॅगनं, ९० केबीत. पाचाऐवजी तीन खेपा. चॅटचा डबा कुणी बोट लावलं तरच यावा असं केलं, त्यावर तो थोडा रुसला. शेवटी कीवर्ड्स टॅगवर आलो तर म्हणाला तेवढा राहू दे, काय सांगता येतं. मोजला, २०० बाइट होता, पहिल्या खेपेत बसत होता. राहू दिला.