लिफ्ट किट नेमकं काय उचलतं?

पावसाळ्यात काटोल-नरखेडकडच्या पांदण रस्त्यावर गाडी घातली की काळी माती आपलं पाणी दाखवते. बेसाल्ट खडक झिजून झालेली ही माती पाणी पिऊन फुगते, वरून निसरडी होते आणि टायरच्या खाचांत गच्च बसते. त्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या. मधला उंचवटा गाडीला खालून घासतो. म्हणून नागपुरातले थार-जिप्सीवाले मोठे टायर आणि लिफ्टच्या, म्हणजे सस्पेन्शन उंच करून गाडी वर उचलणाऱ्या किटच्या, मागे लागतात. हौस रास्त आहे, फक्त हिशोब नीट कळायला हवा.

अॅक्सल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा दांडा. थारचा मागचा आणि जिप्सीचे दोन्ही अॅक्सल एकसंध असतात. स्प्रिंग उंच केली किंवा कमानपाटे वाढवले की चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, वर जाते, पोट आणि बंपर उचलले जातात. अॅक्सल मात्र जागचा हलत नाही. आणि उंचवट्याला सगळ्यात आधी टेकतो तो अॅक्सलवरचा डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा, गोळा! तो वर न्यायचा तर टायरच मोठा हवा. थारच्या २५५/६५ आर १८ टायरचा व्यास साधारण ७८९ मिमी भरतो, २८५/६५ आर १८ चा ८२८. वाढ ३९ मिमीची, पण चाकाचा मध्य त्याच्या निम्माच वर जातो, म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर. हा मोठा टायर वळताना आणि दणक्यात मडगार्डला घासू नये, यासाठी लिफ्ट लागते.

थारच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथला डिफरन्शियल चेसिसलाच बांधलेला असल्याने लिफ्टबरोबर वर जातो. पण शॉक अॅब्सॉर्बर चाक धरणाऱ्या खालच्या आर्मला चाकाच्या बराच आत जोडलेला असतो. त्यामुळे वर एक इंचाचा स्पेसर (उंची वाढवणारा ठोकळा) टाकला तर चाकापाशी उंची इंचाहून जास्त वाढते. चाकांना फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट तेवढे तिरके होतात आणि त्यांच्या जॉइंटवर, रबरी बुटांवर ताण येतो.

मागे तिरका होतो प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अॅक्सलपर्यंत नेणारा लांब दांडा. त्याच्या टोकाचा सांधा, म्हणजे क्रॉस, कोनात फिरला की एकाच फेऱ्यात पुढच्या भागाचा वेग दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. पाच अंशांच्या कोनाला हा फरक अर्धा टक्काही नसतो, पंधरा अंशांना साडेतीन टक्क्यांवर जातो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर ही चढउतार एकमेकांत जिरते. लिफ्ट करताना कोन मोजलेच नाहीत तर वेग वाढताच गाडी थरथरते आणि मालक उगाच व्हील बॅलन्सिंग करत फिरतो.

हीच गाडी दुपारी शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढते. तिथे वेगमर्यादा १२०. टायर पाच टक्के मोठा, म्हणजे दर फेऱ्याला गाडी तेवढी जास्त पुढे जाते आणि मीटर तेवढं कमी दाखवतं. इंजिनाचा रस्त्यापर्यंत पोचणारा जोर मात्र पाच टक्के घटतो, ब्रेकचाही घटतो. कलंडण्याचा धोका मला याहून गंभीर वाटतो. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर निम्मं करा, त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. आकडा जितका लहान, तितकी गाडी लवकर कलंडते. समजा अंतर दीड मीटर आणि उंची ७० सेंटिमीटर, तर उत्तर १.०७. उंची ७५ झाली की उरतो १.००.

आरटीओत आधी विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही.

माझं मत विचाराल तर चिखलासाठी पहिला खर्च दाबमापक आणि छोट्या कॉम्प्रेसरवर करावा. चाकावरचा भार भागिले हवेचा दाब, हे ढोबळमानाने टायर जमिनीला टेकण्याचं क्षेत्रफळ. ३२ पीएसआयवरून १८ वर आलात की टेकणारा पट्टा चांगलाच लांबतो आणि चाक कमी रुततं. टायर घ्यायचेच तर मड-टेरेन घ्या, त्यांचे ठोकळे विरळ असल्याने माती फिरता फिरता उडून जाते. आणि डांबरी रस्ता लागला की थांबून हवा परत पूर्ण भरा. कमी हवेच्या टायरच्या बाजू वेगात सतत वाकतात, त्यामुळे तो तापतो आणि फुटतो.