जिभेखालच्या गोळीमागचा वायू : नायट्रिक ऑक्साइडची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात हृदयविकार असलेल्या अनेकांच्या खिशात किंवा उशाशी ५ मिलिग्रॅमची सॉर्बिट्रेटची गोळी असते. छातीत कळ आली की ती जिभेखाली धरायची, एवढे घरच्यांना ठाऊक असते. पण ती बसूनच का घ्यायची, डोके का ठणकते, कोणत्या औषधाबरोबर ती जिवावर बेतते, हे फारसे कोणी समजावून सांगत नाही.

सॉर्बिट्रेट म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, नायट्रेट गटातले औषध. या गटाचे मूळ स्फोटकांत आहे. इटलीतल्या तुरिनमध्ये आस्कानिओ सोब्रेरो यांनी १८४७ साली नायट्रोग्लिसरीन बनवले. जिभेवर थेंबभर घेतले तरी डोके भयंकर दुखते, हे त्यांनीच नोंदवले. आल्फ्रेड नोबेल यांनी १८६७ मध्ये त्यापासून डायनामाइट तयार केले. आपल्याकडे काळ्या पाषाणात विहिरी पाडताना सुरुंगात भरल्या जाणाऱ्या जुन्या जिलेटिनच्या कांड्याही याच घराण्यातल्या. १८७९ मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी हेच रसायन अगदी थोड्या प्रमाणात छातीच्या कळेवर वापरून दाखवले.

डायनामाइटच्या कारखान्यांत कामगारांचे डोके सोमवारी दुखे, आठवडाभरात थांबे आणि रविवारची सुट्टी झाली की पुन्हा सुरू होई. शरीराला नायट्रेटची सवय होते आणि मग त्याचा गुण ओसरतो. म्हणूनच आज आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटची दोन वेळची साधी गोळी सकाळी ८ आणि दुपारी ३ अशी देतात, रात्रभर शरीर नायट्रेटविना ठेवतात. ‘सकाळ-संध्याकाळ’ म्हणून ती सरसकट बारा-बारा तासांनी घेतली, तर गुण कमी येतो.

गोळी नेमके काय करते, हे कळायला मात्र शंभर वर्षे गेली. १९७७ मध्ये फरीद मुराद यांना आढळले की नायट्रेटमधून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीचे तुकडे तपासले. आतले नाजूक अस्तर शाबूत असेल तर अॅसिटिलकोलीन या शरीरातल्या संदेशवाहक रसायनाने धमनी सैलावे, अस्तर घासले गेले असेल तर उलट आवळे. म्हणजे अस्तरातून काहीतरी निघत होते. ते नायट्रिक ऑक्साइडच आहे, हे १९८७ मध्ये लुई इग्नारो आणि साल्वाडोर मोंकाडा यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. आर्जिनिन हे अमिनो आम्ल आणि ऑक्सिजन यांपासून शरीर तो स्वतःच बनवते, काही सेकंदांत तो नाहीसा होतो. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले.

निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात हे ठासून सांगायला हवे : बिडीचा धूर याच अस्तराला इजा करतो आणि तयार झालेला वायूही निकामी करतो. गोळी चालू आणि बिडीही चालू, यात रुग्णाचेच नुकसान आहे.

नायट्रिक ऑक्साइडमुळे रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत सीजीएमपी हे त्यांना सैल करणारे रसायन वाढते, रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो. उभ्याने गोळी घेतली तर चक्कर येऊन माणूस पडतो. डोके ठणकते तेही वाहिन्या रुंदावल्यानेच. सिल्डेनाफिल (व्हायग्रा) हे लैंगिक दुर्बलतेवरचे औषध सीजीएमपी मोडू देत नाही. ते घेतल्यावर २४ तास, त्याच गटातले टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट घ्यायचे नाही. रक्तदाब धोकादायक कोसळतो. संकोचाने ही औषधे घेतल्याचे लपवू नये, डॉक्टरांना आधी सांगावे. आणि जिभेखालच्या पहिल्या गोळीने ५ मिनिटांत कळ थांबली नाही तर १०८ ला फोन करावा. खानापूरच्या आतल्या वाड्यांवरून गाडीला वेळ लागतो, म्हणून त्याहून जास्त थांबणे परवडत नाही.

हाच वायू थेट श्वासातूनही देतात. जन्मल्यावर फुफ्फुसातला रक्तदाब उतरत नाही अशा बाळांसाठी अमेरिकेत १९९९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. मात्रा साधारण २० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २० भाग. रक्तात शिरताच हिमोग्लोबिन त्याला निष्प्रभ करते, त्यामुळे परिणाम फुफ्फुसापुरता राहतो. ऑक्सिजनशी मिसळून विषारी नायट्रोजन डायऑक्साइड बनतो, म्हणून तो आणि रक्तातले मेथेमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारे हिमोग्लोबिन) सतत मोजावे लागते. वायू अचानक तुटला तर फुफ्फुसातला दाब उसळून वर जातो. म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने १ पीपीएमपर्यंत आणून मगच बंद करतात, आणि बाळाला दुसऱ्या रुग्णालयात हलवायचे असेल तर वाटेतही वायू चालू ठेवणारी गाडीच लागते.